उशिरा उमललेला गोलरक्षक
(तालुका प्राथमिक शिक्षक संमेलनात दिलेले व्याख्यान)



एखादे मूल आपल्या शाळेतून कायमचे जाते तेव्हा आपण त्याच्या हाती एक कागद देतो. शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर नाव असते, जन्मतारीख असते, आणि पुढे काही रकाने असतात : अभ्यासातील प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचे कारण, शेरा. प्रगतीच्या रकान्यात आपण 'बरी' असे लिहितो, वर्तणुकीच्या रकान्यात 'चांगली' असे लिहितो, खाली सही करतो आणि शिक्का मारतो. हे शब्द आपल्यापैकी प्रत्येकाने शेकडो वेळा लिहिले असतील. त्यांत लबाडी नाही. परंतु ते लिहिताना त्या मुलाविषयीचा हिशेब मिटला अशी एक भावना आपल्या मनात नकळत असते. आज मला आपणांपुढे ज्या गृहस्थाचे चरित्र मांडावयाचे आहे, त्याच्याविषयीचा हिशेब असा अनेकांनी मिटवून टाकला असता. शाळा सुटल्यावर त्याने उपाहारगृहात बशा विसळल्या, नगरपालिकेच्या गाडीवर कचरा उचलला, गवंड्याच्या हाताखाली विटा वाहिल्या. आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षी इंग्लंडमधील फुटबॉल-वार्ताहरांनी त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडले. त्याचे नाव नेव्हिल साऊथॉल. तो वेल्स देशाचा आणि एव्हर्टन या संघाचा गोलरक्षक होता.

प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात फुटबॉलच्या गोलरक्षकाचे काय काम, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. त्याचे उत्तर चरित्रातूनच येईल. परंतु तत्पूर्वी गोलरक्षण ही काय चीज आहे हे थोडे पाहिले पाहिजे.

आपल्या गावातील मुले फुटबॉल खेळतात तेव्हा दोन दगड मांडून किंवा दोन चपला ठेवून गोल आखतात. मग संघ वाटले जातात. चपळ मुले आधी निवडली जातात, नंतर धिप्पाड मुले, आणि शेवटी जो उरतो, जो लठ्ठ आहे, ज्याचा दम लवकर उखडतो, किंवा जो मागल्याच महिन्यात दुसऱ्या गावाहून आला आहे, त्याला सगळे म्हणतात, "तू गोली." कोल्हापूरसारख्या शहरात, जेथे पेठापेठांतून फुटबॉल जिव्हाळ्याने खेळला व पाहिला जातो, तेथे गोलरक्षकाला मान आहे. तथापि बहुतेक शाळांच्या अंगणांत 'गोली' हे पद नसून ती एक शिक्षा असते.

वस्तुतः त्या अकरा जणांत सर्वांत अधिक विचार करावा लागतो तो गोलरक्षकालाच. नियमाप्रमाणे गोल ७.३२ मीटर रुंद व २.४४ मीटर उंच असतो. पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून ११ मीटरवर असतो. तेथून ताशी ९० किलोमीटर वेगाने चेंडू मारला, म्हणजे सेकंदाला २५ मीटर, तर तो रेषेपर्यंत सुमारे ०.४४ सेकंदात पोहोचतो. डोळ्यांनी पाहून शरीर हलू लागेपर्यंतच माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. उरलेल्या पाव सेकंदात साडेतीन मीटर उडी घेऊन खांबाजवळचा चेंडू अडविणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणून चांगला गोलरक्षक चेंडूकडे पाहून उडी घेत नाही. मारणाऱ्याची धाव, त्याचा टेकलेला पाय, त्याचे वळलेले कंबर यांवरून चेंडू कोठे येणार हे तो आधीच ताडतो. हे ताडणे कोणत्याही पुस्तकातून येत नाही. हजारो चेंडू अंगावर घेतल्यावर येते, आणि त्याला वर्षे लागतात.

दुसरी गोष्ट भूमितीची आहे, आणि ती आपणांस वर्गातही उपयोगी पडेल. चेंडूच्या जागी एक खुंटी ठोका आणि तेथून दोन्ही खांबांपर्यंत दोन दोऱ्या ताणा. एक त्रिकोण होईल. चेंडू गोलासमोर मधोमध ११ मीटरवर असेल आणि गोलरक्षक रेषेवरच उभा राहील, तर त्याला ७.३२ मीटर रुंदी राखावी लागेल. तोच साडेपाच मीटर पुढे आला तर दोन दोऱ्यांमधील अंतर बरोबर निम्मे, म्हणजे ३.६६ मीटर होते. मुलांना फितीने ते मोजू द्यावे. गुणोत्तर-प्रमाणाचा धडा त्या मैदानावर जितका पटेल तितका फळ्यावर पटणार नाही. मात्र फार पुढे आले तर चेंडू डोक्यावरून जातो. किती पुढे यावे, केव्हा यावे, केव्हा जागीच थांबावे, हा सगळा विवेकाचा भाग आहे. विवेक हा वयाबरोबर येतो, आणि म्हणूनच धावणारे खेळाडू तिशीनंतर मावळू लागतात तेव्हा गोलरक्षक खऱ्या अर्थाने पिकू लागतो. इटलीचा दिनो झॉफ १९८२ साली विश्वचषक उंचावला तेव्हा चाळीस वर्षांचा होता. इजिप्तचा एसाम अल-हदारी २०१८ च्या विश्वचषकात सौदी अरेबियाविरुद्ध उतरला तेव्हा त्याचे वय पंचेचाळीस होते, आणि त्याने त्या सामन्यात एक पेनल्टी अडविली.

या झॉफविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. चौदा वर्षांचा असताना इटलीतील दोन मोठ्या संघांनी, इंटर व युव्हेंटस यांनी, त्याची परीक्षा घेतली आणि उंची कमी म्हणून त्याला परत पाठविले. मुलगा शेतकऱ्याच्या घरचा होता. आजीने त्याला रोज अंडी खाऊ घातली असे सांगतात. अंड्यांमुळे असो वा वयामुळे असो, पुढील काही वर्षांत तो झपाट्याने वाढला. त्याच युव्हेंटसने १९७२ साली त्याला आपल्याकडे घेतले तेव्हा तो तीस वर्षांचा होता. चौदाव्या वर्षी टेप लावून मोजणाऱ्यांनी उंची अचूक मोजली होती यात शंका नाही. ती उंची त्या दिवसाची होती, एवढेच.

मुलांच्या तुलनेत वयाचा हा प्रश्न आपल्याही वर्गात रोज असतो. पहिलीत बसलेल्या दोन मुलांत अकरा महिन्यांचे अंतर असू शकते, आणि सहा वर्षांच्या मुलाला अकरा महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा जवळजवळ सहावा हिस्सा. कॅनडामध्ये १९८० नंतरच्या काळात बर्फावरील हॉकीच्या निवडक संघांची पाहणी झाली, तेव्हा वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुले त्या संघांत फार अधिक आढळली. कारण तेथे वयोगट जानेवारीपासून मोजत, आणि जानेवारीतले मूल डिसेंबरातल्या मुलाहून थोराड असे. थोराडपणाला निवडकर्ते गुण समजत होते. आपल्याकडे असे संशोधन करू जाणाऱ्याची मात्र पंचाईत व्हावयाची, कारण आपल्या जुन्या जनरल रजिस्टरांत निम्मा गाव १ जूनला जन्मलेला आहे! असो. साऊथॉलच्या बाबतीत हे कारण लागू पडत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याचा जन्म १६ सप्टेंबर १९५८ चा, आणि त्यांच्याकडे शाळेचे वर्ष सप्टेंबरात सुरू होते. म्हणजे वर्गात तो वयाने मोठ्यांतच असणार. त्याच्या उशिराचे कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

उत्तर वेल्सच्या समुद्रकाठी लँडुडनो नावाचे गाव आहे. उन्हाळ्यात तेथे लोक हवापालटासाठी येतात. हॉटेले, उपाहारगृहे यांवर गावाचा निर्वाह चालतो. त्या गावी साऊथॉल वाढला. इंग्लंड-वेल्समध्ये मोठे संघ होतकरू मुलांना सोळाव्या वर्षीच उमेदवार म्हणून घेतात. तेथे ज्याची वर्णी लागली नाही त्याने फुटबॉल हा पोटाचा धंदा होईल ही आशा सोडावी अशी सर्वसाधारण रीत. साऊथॉलची वर्णी लागली नाही. मग भांडी, कचरा, विटा. आपल्या भाषेत ज्याला बिगारी काम म्हणतात ते त्याने केले, आणि ते करीत असताना तो स्थानिक संघांतून खेळत राहिला. बँगोर सिटी, कॉनवी युनायटेड ही त्या संघांची नावे. तेथे ना मोठा पैसा, ना नाव. दिवसभर खांद्यावर विटा वाहून संध्याकाळी सरावाला जायचे, शनिवारी सामना खेळायचा, सोमवारी पुन्हा कामावर हजर व्हायचे. पुढे आपल्या आत्मचरित्राला त्याने 'द बिनमन क्रॉनिकल्स', म्हणजे कचरेवाल्याची बखर, असे नाव दिले; ते २०१२ साली प्रसिद्ध झाले. आपल्या पूर्वीच्या कामाची त्याला लाज वाटत नव्हती, हे त्या नावावरूनच दिसते.

नंतर तो चेशरमधील विन्सफर्ड या मिठाच्या खाणींच्या गावच्या संघाकडून खेळला. तेथून १९८० साली बरी या गिरण्यांच्या गावच्या संघाने ६,००० पौंड देऊन त्याला घेतले. बरीचा संघ तेव्हा चौथ्या श्रेणीत, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अगदी तळच्या पायरीवर होता. साऊथॉल एकवीस वर्षांचा होता. एका वर्षाने, १९८१ च्या जुलैत, पहिल्या श्रेणीतील एव्हर्टनने त्याच्यासाठी १,५०,००० पौंड मोजले. एका वर्षात पंचवीसपट.

येथे आपण थोडे थांबावे असे मला वाटते. अशी चरित्रे सांगताना वक्ते सहसा म्हणतात की, हिरा मातीत पडला होता, पारख्याला तो सापडला. मला ही उपमा पटत नाही. हिरा मातीत पडला तेव्हाही हिराच असतो. सोळा वर्षांचा साऊथॉल हा पुढचा साऊथॉल नव्हता. जो गोलरक्षक पुढे प्रसिद्धीस आला तो त्या पाच वर्षांत घडला, आणि कोणी पाहत नसलेल्या मैदानांवर घडला. तेथे त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे कसलेले गडी त्याच्या अंगावर धावून येत. तेथे चिखल होता, वारा होता, आणि चूक झाली तर दुसऱ्या शनिवारी पुन्हा उभे राहण्याची संधी होती. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. त्या देशात गावच्या हौशी संघापासून पहिल्या श्रेणीपर्यंत एक शिडी आहे, आणि तिच्या पायऱ्या एकमेकींपासून फार दूर नाहीत. ज्याला सोळाव्या वर्षी वरच्या मजल्यावर घेतले नाही, त्याला उभे राहावयास खाली पायरी होती. पायरी नसती तर त्याचे उमलणे उशिरा झाले नसते. ते झालेच नसते. उत्तर वेल्समधील एक बलदंड बिगारी, यापलीकडे जगाला त्याची ओळख झाली नसती.

पायऱ्या मोडूही शकतात. ज्या बरी संघाने साऊथॉलला उचलले, तो १८८५ साली स्थापन झालेला. पैशाच्या गैरव्यवस्थेमुळे २०१९ साली त्याला लीगमधून काढून टाकण्यात आले. त्या गावातील मुलांच्या दृष्टीने ती केवळ बातमी नव्हती. गावकऱ्यांनी खटपट करून तो पुन्हा उभा केला, आणि २०२३ पासून तो खालच्या पायरीवरून खेळू लागला.

पुन्हा साऊथॉलकडे येऊ. एव्हर्टनमध्ये त्याचे सर्व सुरळीत झाले असे मुळीच नाही. ६ नोव्हेंबर १९८२ रोजी शेजारच्या लिव्हरपूलने एव्हर्टनच्या मैदानावर येऊन ५-० असा विजय मिळविला. त्यांतील चार गोल एकट्या इयन रशने केले. इयन रश हाही वेल्सचाच, म्हणजे साऊथॉलचा देशबंधू. गोलरक्षकाची जागा त्यानंतर दुसऱ्याला मिळाली, आणि १९८३ च्या प्रारंभी साऊथॉलला चौथ्या श्रेणीतील पोर्ट व्हेल या संघाकडे काही काळासाठी उसना देण्यात आले. ज्या पायरीवरून तो आला होता तीच पायरी पुन्हा. व्यवस्थापक हॉवर्ड केंडल याने त्याला काढून टाकले नाही, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. खाली पाठविणे आणि टाकून देणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर ज्याला पाठविले जाते त्याला कळले पाहिजे. पोर्ट व्हेलकडून नऊ सामने खेळून तो परत आला, पुढील हंगामात त्याने आपली जागा परत मिळविली, आणि १९८४ साली एव्हर्टनने वॉटफर्डचा २-० असा पराभव करून एफ.ए. कप जिंकला.

पुढील हंगाम त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठा. एव्हर्टनने ९० गुण मिळवून लीगचे विजेतेपद पटकावले. दुसऱ्या क्रमांकावरील लिव्हरपूल १३ गुणांनी मागे राहिले. त्याच मे महिन्यात रॉटरडॅम येथे ऑस्ट्रियाच्या रॅपिड व्हिएन्नाला ३-१ असे हरवून त्यांनी युरोपीय कपविजेत्यांचा कपही जिंकला. त्या हंगामातील एका क्षणाविषयी जुने प्रेक्षक अजून बोलतात. ३ एप्रिल १९८५, लंडनमध्ये टॉटनहॅमविरुद्धचा सामना. एव्हर्टन २-१ ने पुढे, खेळ संपत आलेला. टॉटनहॅमच्या मार्क फाल्कोने अगदी जवळून डोक्याने मारलेला चेंडू गोलाच्या वरच्या कोपऱ्यात जात होता. साऊथॉलने मागे झेप घेऊन तो आडव्या खांबावरून बाहेर ढकलला. चित्रफीत पाहिली तर हा मनुष्य आधीच त्या दिशेला निघाला होता असे दिसते. आपण मघाशी ताडण्याविषयी बोललो ते हेच.

वार्ताहरांचा सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला तो या हंगामाअखेर. गोलरक्षकाला हा मान क्वचितच मिळतो. १९५६ साली तो बर्ट ट्राउटमन याला मिळाला होता. हा जर्मन, युद्धकैदी म्हणून इंग्लंडात आला, कैद्यांच्या छावणीत गोलरक्षण करू लागला, आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षी मँचेस्टर सिटीत दाखल झाला. त्याचे चरित्र हा एका स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. येथे एवढेच म्हणतो की उशिरा पिकणाऱ्यांत गोलरक्षक अधिक दिसतात याचे मला आता नवल वाटत नाही.

साऊथॉल एव्हर्टनकडून एकंदर ७५१ सामने खेळला. इतके सामने त्या संघाकडून दुसरे कोणीही खेळलेले नाही. १९८७ साली पुन्हा लीगचे विजेतेपद आणि १९९५ साली, छत्तीसाव्या वर्षी, पुन्हा एफ.ए. कप. वेल्सकडून तो ९२ सामने खेळला, आणि तो त्या देशाचा उच्चांक अनेक वर्षे टिकला. दारूला तो शिवत नसे. सरावाची त्याला गोडी होती, आणि मोठेपणाच्या डामडौलापासून तो दूर राही.

परंतु सगळेच पदरात पडले असे समजू नये. विश्वचषकाच्या स्पर्धेत खेळणे त्याच्या नशिबी नव्हते. १७ नोव्हेंबर १९९३ रोजी कार्डिफ येथे रुमानियाविरुद्ध विजय मिळता तर वेल्स अमेरिकेतील विश्वचषकाला गेले असते. रुमानियाच्या हाजीने दुरून मारलेला एक खालचा चेंडू साऊथॉलच्या अंगाखालून गोलात गेला. नंतर वेल्सने बरोबरी केली, मग वेल्सची एक पेनल्टी आडव्या खांबाला लागून फुकट गेली, आणि शेवटी १-२ असा पराभव झाला. पस्तीस वर्षांचा, जगातील उत्तम गोलरक्षकांत गणला गेलेला मनुष्य, आणि चेंडू अंगाखालून गेला. विद्यार्थ्यांना हे चरित्र सांगाल तेव्हा हा सामना वगळू नका. पुढे मार्च २००० मध्ये ब्रॅडफर्ड सिटीकडे गोलरक्षक कमी पडले तेव्हा, तेथे शिकविण्याचे काम करीत असलेला साऊथॉल एक्केचाळीसाव्या वर्षी पुन्हा एकदा पहिल्या दर्जाच्या सामन्यात उभा राहिला. पोट सुटलेले, केस पिकलेले. लोक हसले. त्याचा संघ लीड्सकडून २-१ ने हरला.

आता आपल्या व्यवसायाशी त्याचा संबंध येतो तो सांगतो. खेळ संपल्यावर मोठे खेळाडू सहसा दूरचित्रवाणीवर बोलतात किंवा संघ चालवितात. साऊथॉलने लहान संघ थोडेफार चालवून पाहिले, आणि मग तो शिकविण्याकडे वळला. ज्या तरुण मुलांना ना शाळा, ना काम, ना कसले प्रशिक्षण, अशांना हाताशी धरण्याचे काम त्याने पत्करले. पुढे दक्षिण वेल्समधील एब्बू व्हेल येथे, नेहमीच्या शाळेत न टिकणाऱ्या मुलांच्या विशेष शाळेत तो काम करू लागला. एब्बू व्हेल हे कोळशाचे आणि पोलादाचे गाव. तेथील पोलादाचा कारखाना २००२ साली बंद झाला, आणि अशा गावी कारखाना बंद पडला म्हणजे घराघरांत काय होते हे गिरणगाव पाहिलेल्या मराठी माणसाला सांगावयास नको. ज्याच्या हातात एफ.ए. कप आला होता तो मनुष्य तेथील रागावलेल्या, वर्गाबाहेर पळणाऱ्या मुलांपाशी बसू लागला. आपल्या समाजमाध्यमावरील खात्याचा वापर तो ज्यांचे म्हणणे कोणी ऐकत नाही अशा लोकांना काही काळ करू देत असे, तेही याच वृत्तीचे.

पायरी म्हणजे काय हे ज्याने स्वतः अनुभवले तो इतरांसाठी पायरी होऊन उभा राहिला, असा अर्थ मी यातून काढतो. कदाचित त्याला हा अर्थ मान्य होणार नाही.

आपल्या तालुक्यात शाळाबाह्य मुलांची पाहणी दरवर्षी होते. कागदांवरील आकड्यांमागे कोण असते हे आपण जाणता. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या टोळीबरोबर गेलेला मुलगा. वीटभट्टीवर भावंडे सांभाळणारी मुलगी. सातवीतून सुटून हॉटेलात कपबशा धुणारा, म्हणजे थेट साऊथॉलच्याच उमेदवारीवर असलेला पोरगा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने चौदा वर्षांपर्यंतच्या अशा मुलाला वयानुरूप वर्गात बसविण्याचा आणि त्यासाठी विशेष प्रशिक्षण देण्याचा मार्ग ठेवला आहे. चौदानंतर काय? तेथेही आपल्याकडे पायऱ्या आहेत. बाहेरून दहावीला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म आहे. मुक्त विद्यालय आहे. पुढे १९८९ पासून नाशिकचे मुक्त विद्यापीठ आहे. पायऱ्या बांधलेल्या आहेत, परंतु त्या आहेत हे हॉटेलात कपबशा धुणाऱ्या मुलाला सांगणारे कोणी नाही. त्याचा बाप शाळेत गेलेला नाही. गावात त्या फॉर्मचा नंबर ज्याला माहीत आहे असा मनुष्य बहुधा एकच, आणि तो म्हणजे ज्याने त्याच्या दाखल्यावर 'बरी' असे लिहिले तो शिक्षक.

म्हणून माझी पहिली सूचना दाखल्यासंबंधीच आहे. दाखला देताना पालकाला व मुलाला पाच मिनिटे बसवून घ्यावे. सतरा नंबरचा फॉर्म कोठे मिळतो, कोणत्या शाळेत भरून देतात, हे एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी दाखल्याबरोबर द्यावी. मुलगा चिठ्ठी हरवील. म्हणून नावे एका वहीत ठेवावी आणि दोन वर्षांनी तो बाजारात भेटला म्हणजे विचारावे. यासाठी परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळा सोडून गेलेल्या मुलाला रस्त्यात थांबवून त्याची चौकशी करणे हे कोणत्याही रकान्यात बसत नाही, हे खरे. ज्यांनी तसे केले आहे अशा शिक्षकांना ही मुले पुढे पन्नाशीतही ओळखतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

दुसरी सूचना मैदानाची. रविवारी शाळेचे अंगण शाळा सोडलेल्या मुलांना खुले असावे. पंधरा-सोळा वर्षांची ही मुले प्रथम लाजतात, फाटकाशी घोटाळतात. त्यांच्या हाती शिटी द्यावी आणि लहान मुलांच्या सामन्याचे पंच करावे, म्हणजे आत येण्यास त्यांना निमित्त मिळते. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी पूर्ण मापाचा गोल फार मोठा होतो. बांबू रोवून पाच मीटर रुंद व दोन मीटर उंच गोल करावा आणि वरती दोरी बांधावी; बांबू गावात मिळतात. गोलीची जागा दर दहा मिनिटांनी पाळीपाळीने बदलावी, म्हणजे ती शिक्षा राहणार नाही आणि वर्गातील प्रत्येकाला निदान एकदा तरी चेंडू अंगावर घेऊन पाहता येईल. मुलींनाही पाळीत घ्यावे. जो मुलगा आपली पाळी संपल्यावरही गोल सोडावयास तयार होत नाही, त्याचे नाव त्याच वहीत, त्या यादीखाली, टिपून ठेवावे.